जित्या माणसाची घागर

गावी परतायला शालिग्रामने आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरला. तो असा काही फळला, की पुढे त्याने पंचांगाचं नावसुद्धा काढलं नाही.

सगळी हयात भुसावळच्या रेल्वे यार्डात रुळांवर घण घालण्यात गेली होती. कंबर वाकली, उजव्या हाताची दोन बोटं सरळ होईनात, आणि एक दिवस साहेबाने गळ्यात झेंडूचा हार घालून त्याला घरी जायला सांगितलं. घर म्हणजे कोणतं, यावरून नवराबायकोत महिनाभर धुसफूस चालली होती. लेक चिखलीला दिलेली. जावयाने तिथे बाजाराजवळ एक खोलीही पाहून ठेवली होती.

"चिखलीले राहू जी," कोकिळा म्हणायची. "दवाखाना हाये, बाजार हाये, लेक जवळ हाये."

"लेकीच्या दारात म्हातारपन काढू? लोकं थुंकतीन तोंडावर. सावरटेकले बापाचं घर हाये माहं."

"अन् इंद्रभान?"

"लहान भाऊ हाये माहा. त्यानं चूक केली, मी माफ केली. मोठ्या मानसाचं मन मोठं पायजे."

माफ केलेली चूक अशी होती. महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षी म्हातारी माय वारली आणि इंद्रभानने शालिग्रामला कळवलंच नाही. दोघा भावांत आधीच एका बैलावरून बोलाचाली होऊन येणंजाणं तुटलेलं होतं. महिन्याभराने मेहकरकडचा एक हमाल भुसावळच्या फलाटावर भेटला; सावरटेकची म्हातारी गेल्याचं तेवढं त्याने उडत उडत ऐकलं होतं, त्याच्याकडून समजलं. शालिग्रामने त्या दिवशी डोक्यावर बादलीभर पाणी ओतून घेतलं, "ज्या घरानं मले मायचं तोंड पाहू देलं नाई, तिथी मी पाय ठेवत नाई," असं म्हणाला आणि संध्याकाळच्या पाळीवर गेला. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं तो हा राग चांगला तेल घालून जपत आला होता. आता नोकरी सुटल्यावर मात्र राग परवडण्यासारखा राहिला नाही. तेव्हा त्याने माफ केलं.

 कोकिळेने वळकटी बांधली.

हिवरा आश्रमाच्या पुढच्या फाट्यावर यष्टी त्यांना उतरवून धूळ उडवत गेली. शालिग्रामने रेल्वेचा काळा कोट भर उन्हात अंगावर चढवला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि गावाची वाट धरली. पाणवठ्यावर बाया होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला दोर सुटून बादली धाडकन विहिरीत गेली. दुसरीने पोराला ओढून पोटाशी धरलं. कोणी 'कधी आले' म्हणालं नाही, की कोणी डोक्यावरचा पदर सारखा केला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"कोट पाहून भेल्या," शालिग्राम हसून म्हणाला. "सरकारी मानूस समजल्या."

घराचं दार उघडंच होतं. आत आंब्याच्या रसाचा आणि तळणाचा वास कोंदला होता. भिंतीशी तीन नव्या घागरी मांडलेल्या, गळ्याला सुताचा दोरा, तोंडावर एकेक खरबूज. आखाजीला घरातल्या मेलेल्यांच्या नावाने अशी पाण्याची घागर भरतात आणि त्यांच्या जागी एखाद्या जित्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. एक घागर बापाची, एक मायची. तिसरी कोणाची ते शालिग्रामला समजेना. तिच्यासमोर पाटावर कडूबा बसला होता. कडूबा म्हणजे भावकीतला एकटा म्हातारा. ना बायको ना पोर, त्यामुळे आखाजीला त्याचं पोट तीन घरी भरायचं. कपाळभर कुंकू लावून तो सांजोरी रसात बुडवत होता.

"राम राम, कडूबा!" शालिग्रामने ट्रंक खाली ठेवली. "कोनाचा पितर होऊन बसला बे?"

कडूबाने वर पाहिलं. सांजोरी रसात गळून पडली.

"तुहाच," तो म्हणाला.

तेवढ्यात रसाचं पातेलं घेऊन इंद्रभानची बायको जनकाबाई आतून आली. पातेलं तिच्या हातून सुटलं, रस जमिनीवर पसरला आणि "अवं माय वं!" म्हणून ती जी किंचाळली, ती शेजारच्या चार घरांत ऐकू गेली.

शालिग्रामला आधी हसू आलं. मग त्याने त्या तिसऱ्या घागरीकडे नीट पाहिलं. स्वतःच्या नावाने भरलेलं पाणी बघायची वेळ कोणावर येत नाही. तो ट्रंकेवरच बसला. कडूबा हळूच सरकत आला आणि त्याने शालिग्रामच्या गुडघ्याला बोट लावून पाहिलं.

"गरम हाये," तो जनकाबाईला म्हणाला. मग शालिग्रामकडे वळून जरा वरमून म्हणाला, "मले काय मालूम गा. दरसाल तुह्या नावानं जेवतो मी. कवा खट्टं लागलं नाई."

गलका ऐकून इंद्रभान घराच्या धाब्याच्या छपरावरून शिडीने खाली उतरला. कावळ्यांना घास ठेवायला तो वर गेला होता. माणसं दारात जमली होती. जो तो तोंडावर हात धरून उभा. इंद्रभानने भावाकडे पाहिलं, त्याच्या कोटाकडे पाहिलं, आणि हातातली रिकामी पत्रावळ चुरगाळत म्हणाला, "आला?"

एवढंच. सगळ्या गावाची बोबडी वळली होती आणि हा मात्र आठवडी बाजारातून परतलेल्या माणसाला विचारावं तसं विचारत होता. शालिग्रामला हे खटकलं, पण गर्दीपुढे काही विचारता आलं नाही.

"रहेमतुल्ला पिंजाऱ्यानं खबर आनली होती," दारातून रंगराव पाटील म्हणाले. गावात त्यांचा शब्द शेवटचा. "भुसावळले बहिनीकडे गेल्ता तो. येऊन सांगे, शालिग्राम इंजिनाखाली आला. साऱ्या गावानं आंघोळी केल्या ना बे तुह्या नावानं!"

कोकिळेने ट्रंकेची कडी घट्ट धरली. कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

पाटलांनी तिथल्या तिथे तोड काढली. ज्याचा दहावा-तेरावा झाला तो माणूस असाच पंगतीला घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. पुनवेला त्याचं बारसं करायचं, पाळण्यात घालून नाव ठेवायचं, मग तो आपला. तोवर त्याने ओट्यावर झोपायचं, पत्रावळीवर जेवायचं आणि घरातल्या माठाला हात लावायचा नाही. साठीला टेकलेला शालिग्राम पाळण्यात बसणार म्हणून पोरं खिदळली. पाटीलही हसले. शालिग्रामनेही हसून घेतलं, कारण दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवसापासून तो इंद्रभानच्या मागोमाग वावरात जाऊ लागला. बसून खाल्लं असं कोणी म्हणायला नको. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची धसकटं उपटायची होती. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, पाय रोवायचा आणि कमरेतून हिसका द्यायचा. जन्मभर लोखंडाशी झटलेला माणूस, त्याला वाटलं हे काम म्हणजे पोरखेळ. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले आणि पाठ अशी धरली की उठताना जमिनीला हात टेकावे लागले. ऊन मी म्हणत होतं. काळ्या मातीच्या भेगांतून वाफ अंगावर यायची. दोन ओळींपलीकडे इंद्रभान खाली मान घालून एका लयीत उपटत जायचा. तो भावाशी बोलत नव्हता. तहान लागली की आपण पाणी प्यायचा आणि मडकं शालिग्रामच्या हातात न देता मध्येच जमिनीवर ठेवून पुढे जायचा.

"बारसं होईस्तोवर शिवत नसतीन," शालिग्राम मनाशी म्हणायचा. पण शिवायचं नाही म्हणून बोलायचंही नाही, असं पाटलांनी सांगितलं नव्हतं.

कोकिळेचे हाल वेगळेच होते. शेजारी लग्नाची हळद लागली. गल्लीतल्या सगळ्या सवाशिणींना बोलावणं फिरलं, ते हिच्या दारावरून पुढे गेलं. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बाया अशा बघायच्या, जणू तिने ते कोणाच्या करंड्यातून चोरलं आहे. जनकाबाई तिला भाकरी द्यायची, बसायला पोतं द्यायची, पण तिच्या जवळ बसताना मधे हातभर जागा ठेवायची. हे सगळं गिळून कोकिळा अंगण झाडायची, शेणाने सारवायची. 

एका सकाळी ओट्यावर चहा पिताना शालिग्रामला दिसलं, की शेजारचं लेकरू त्याच्याकडे बोट दाखवून आईला विचारतंय, "भूत चहा पेते का व?" आईने पोराला एक चापट दिली खरी, पण हसू दाबत.  शालिग्रामने कप खाली ठेवला, भिंतीला टेकलेला चिमटा उचलला आणि तो पायऱ्या उतरला.

"कुठी चालले जी?" कोकिळा धावत आली.

"त्या पिंजाऱ्याच्या नरड्यात चिमटा घालतो. जित्या मानसाले मारते साला!"

कोकिळा आडवी आली. तिने चिमट्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"त्याले काई म्हनू नका. खबर मीच धाडली होती."

शालिग्रामने चिमट्याला हिसका दिला. तिने तो सोडला नाही.

"यार्डात तुमच्या डोक्शावर कावळा बसला होता, याद हाये? तुमी हसत हसत घरी येऊन सांगतलं मले. मी रातभर जागी. शेजारची म्हने, मरन दारात उभं हाये, सोयऱ्यात मेल्याची खबर धाड. ते रडले म्हंजे मरन फसते. मंग खरी खबर धाडायची. रहेमतुल्ला त्याच सकाळी गावाकडे निंगाला होता. नाई म्हने तो, मी लय हातापाया पडली. आज खोटी सांग अन् उद्या खरी सांग, असं दोन्ही त्याले घोकून देलं."

शालिग्रामचा राग एकदम सैल पडला. ही रीत त्याला ठाऊक होती. त्याच्या सख्ख्या मामाची अशी खबर आली होती. दोन घटका रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी मामा स्वतः पेढे घेऊन आला होता.

"एवढंच ना? मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी माहं आयकलं असतं का? अन् मंग महिन्यानं समजलं, माय गेली. तवापासून माह्या जिवाले घोर हाये. मले इकडे यायचंच नव्हतं जी."

शालिग्रामला तिच्या बोलण्यातला दुवा लागला नाही. लावून घ्यायचा नव्हता म्हणा. "त्या पिंजाऱ्यानं दुसरी खबर गिळली," एवढंच तो म्हणाला आणि चालू लागला. कोकिळा मागोमाग निघाली.

रहेमतुल्ला आपल्या पडवीत कापूस पिंजत होता. पिंजणाच्या तातीचा आवाज गल्लीभर घुमत होता. दाढीत, भुवयांत कापसाचा धागा धागा अडकलेला. या दोघांना पाहताच त्याने हात थांबवला. शालिग्राम गावात आल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता.

"दुसरी खबर काऊन देली नाई बे?" शालिग्रामने उभ्यानेच विचारलं.

"देली भाऊ. अल्लाकसम देली."

"कोनाले?"

"इंद्रभानले. दुसऱ्याच दिवशी." रहेमतुल्लाने कोकिळेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "भाबी, तू उद्या सांग म्हनली होती ना. मले उद्याची वाट पाहायची काय गरज होती? मी तवाच सांगून टाकलं असतं तं बुढी वाचली असती."

"म्हंजे?" शालिग्राम म्हणाला.

"तिनं आयकलं अन् त्याच दिवशी गेली. मी गावातून कोनाचा निरोप नेत नाई आता. लग्नाचंबी आवतन सांगत नाई."

कोकिळा जिथे उभी होती तिथेच खाली बसली.  नऊ वर्षं जी भीती तिने पदराआड धरली होती, ती खरी होती. शालिग्रामने तिला हात दिला नाही. त्याच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं होत होतं. चिमटा तिथेच टाकून तो घराकडे वळला आणि वाटेत दोनदा ठेचाळला.

इंद्रभान गोठ्यात बैलांना कुटार टाकत होता.

"रहेमतुल्लाकडून येऊन राह्यलो," शालिग्राम म्हणाला.

इंद्रभानने टोपलं खाली ठेवलं. बरंच कुटार सांडलं होतं, ते त्याने पायाने गोळा केलं. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो बोलायला लागला.

"तुही खबर आयकून मी रडलो, जनका रडली, गल्ली रडली. माय रडली नाई. जात्यावर बसली होती. खुंटा तसाच हातात. म्हने, 'बरं.' मंग आडवी झाली, अन् दिवस मावळायच्या आंदी गेली. सकाळी तिले आग देऊन नदीवरून येऊन राह्यलो होतो, तं रहेमतुल्ला आडवा आला. पाय धरून म्हने, शालिग्राम जिता हाये, खबर भाबीनं सांगाले लावली होती. मी त्याले म्हनलं, तोंड उघडशीन तं गाव तुले जिता ठेवनार नाई. चूप राह्य."

"मले तरी सांगायचं होतं!"

"कोन्या तोंडानं? तू जिता हायेस म्हनून हासू, का माय गेली म्हनून रडू?" इंद्रभानचा आवाज चिरकला. "तुह्यासाठी रातभर रडलो होतो मी. मायसाठी पानीच नव्हतं डोयात. वाटे, कोनाकडून तरी समजीन तुले. तू धावत येशीन. मी तुह्या दोन थोबाडीत मारीन, मंग दोघं मिळून रडू. वाट पाह्यली. तुले समजल्याचं कानावर आलं. तरी तू आला नाई. आखाजी आली, जनका म्हने दादांची घागर भरायची ना? मी म्हनलं, भर."

शालिग्राम दावणीशी खाली बसला.

"वयनीनं खोटी खबर धाडली. भेली बिचारी, मले समजते ते. तू न येऊन ते खरी केली."

आठ-नऊ वर्षं शालिग्रामने ज्या रागाला कुरवाळलं, तो राग असा उलटून त्याच्याच छाताडावर बसला. माफ करायला आलेला माणूस! त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की बैलांकडेसुद्धा बघवेना.

दुपारी त्याने कडूबाला गाडी जुंपायला सांगितली. चिखलीची यष्टी चार वाजता फाट्यावर यायची. कडूबाने का म्हणून विचारलं नाही. त्याने ट्रंक उचलून गाडीत ठेवली.

"चाल," शालिग्राम बायकोला म्हणाला. "तुलेच चिखली पायजे होती ना?"

"मी येत नाई," कोकिळा म्हणाली. ती चुलीपुढे बसून होती. तिने मान वर केली नाही. "तवा भेव होतं म्हनून चिखली म्हने मी. आता काय्चं भेव? जिच्या घरातून मी तिले काढलं, तिच्या घरात राबतो मी. हाकललं तं ओट्यावर राहीन."

"अन् मी?"

"तुमचं तुमी पाहा."

बारसं न झालेल्या माणसाने घरात शिरायचं नव्हतं. पण वळकटी आत कोपऱ्यात होती आणि आता पाटलांचा नियम पाळून तरी काय मिळणार होतं? शालिग्राम आत गेला. वळकटी जात्याला टेकून ठेवलेली होती. ती उचलायला तो वाकला, तोल जायला लागला म्हणून हात टेकला, तो जात्याच्या खुंट्यावर. खुंटा हाताच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला होता. त्याची वाकडी बोटं त्याभोवती वळली.

"माय," तो म्हणाला.

मग त्याने हंबरडा फोडला. वळकटी सुटली, तो जात्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा ओरडून रडायला लागला. "माय वं! मी आलो नाई वं!" कोकिळा चुलीपुढून उठली आणि त्याच्या शेजारी भुईवर कोसळली. तिने कपाळ जमिनीवर आपटून घेतलं. गोठ्यातून इंद्रभान धावत आला. दारात क्षणभर उभा राहिला. त्याचे ओठ वेडेवाकडे झाले, आणि एवढी वर्षं जे पाणी त्याच्या डोळ्यांना आलं नव्हतं ते आता आलं. त्याने भावाच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला, दुसरा घातला, आणि मग त्याच पाठीला मिठी मारून तोही मोठ्याने रडू लागला. जनकाबाईने हातभर अंतर ठेवलं नाही. तिने कोकिळेचं डोकं मांडीवर घेतलं.

रडं ऐकून बाया धावल्या. हळदीच्या घरातून हळदीच्या हातांनीच आल्या. पाणवठ्यावरची म्हातारी आली, रंगराव पाटलांची बायको आली. कोणी अनवाणी, कोणाच्या कडेवर पोर.

"काऊन व जनके?" म्हातारीने दारातूनच विचारलं. "कोन गेलं?"

"आमची बुढी," जनकाबाई म्हणाली.

म्हातारीने आत पाहिलं. एकमेकांना धरून रडणारे दोघे भाऊ पाहिले. नऊ वर्षांपूर्वी बुढी गेली त्या दिवशीही ती इथे बसायला आली होती. तरी पुन्हा पदर तोंडावर ओढून ती ओट्यावर बसली. तिला पाहून बाकीच्याही एकेक करून टेकल्या. पाटलीणबाईंनी दूर राहिलेल्या पोरींना हाताने खूण केली, तशा त्याही सरकून बसल्या.

बाहेर कडूबा कासरा धरून ताटकळला होता. यष्टीची वेळ होत आली.

"ओ शालिग्राम, येतं का गा?" त्याने गाडीवरूनच हाक दिली.

इंद्रभान नाक पुसत बाहेर आला. त्याने गाडीतली ट्रंक ओढून काढली आणि खांद्यावर घेतली.

"बैल सोड," तो म्हणाला. "दादा कुठी जात नाई. सुतक हाये."